गळक्या माठात साठवलेली माहिती

गेल्या जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशीची गोष्ट. कार्यालयातला संगणक सुरू केला, पंखा फिरला, पडदा उजळला आणि त्यावर एकच ओळ आली : सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही या संगणकातली जुनी हार्ड डिस्क काढून तिथे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे सगळे जिला एसएसडी म्हणतात ती चपटी डबी बसवली होती. दुकानदाराने तीन डब्या समोर ठेवल्या होत्या. शाळेचे पैसे म्हटल्यावर आपण कोणती उचलतो, ते शिक्षकांना सांगायला नको.

दुरुस्तीला आलेला मुलगा आमचाच माजी विद्यार्थी. त्याने दुसऱ्या संगणकाला लावून पाहिली आणि म्हणाला, "सर, गेली. हिचं असंच असतं, गेली की एकदम गेली." जुनी हार्ड डिस्क बंद पडण्याआधी महिनाभर खरखरत होती, त्यामुळे आम्ही सावध झालो होतो. या डबीत हलणारा एकही भाग नाही, त्यामुळे आवाजही नाही. तिच्याबरोबर तीन वर्षांची निकालपत्रके आणि स्नेहसंमेलनाची छायाचित्रे गेली.

मग मनात प्रश्न आला. महाग डबी आणि स्वस्त डबी यांत नेमके काय वेगळे असते? स्वस्त डबीतून काय काढून घेतलेले असते? उत्तर शोधताना बरेच मागे जावे लागले आणि एक अनपेक्षित गोष्ट हाती आली. ज्या कप्प्यात ही माहिती साठते तो कप्पा मुळापासूनच फारसा भरवशाचा नव्हता.

१९६७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डावोन कांग आणि सायमन झी या दोघांनी एक नवी रचना प्रसिद्ध केली. ट्रान्झिस्टरच्या नियंत्रक टोकाला द्वार म्हणतात. या दोघांनी द्वार आणि अर्धवाहक यांच्यामध्ये धातूचा आणखी एक पातळ थर घातला आणि त्याला चारी बाजूंनी विसंवाहकात गुंडाळून टाकले. हा मधला थर कशालाच जोडलेला नाही, म्हणून त्याला तरंगते द्वार म्हणू. जेवणाच्या सुट्टीत केकचे एकावर एक थर पाहून ही कल्पना सुचली, अशी आठवण झी सांगत असत. वरच्या द्वारावर पुरेसे व्होल्टेज दिले की काही इलेक्ट्रॉन विसंवाहकातून पार होऊन मधल्या थरात जाऊन बसतात. व्होल्टेज काढून घेतले तरी ते तिथेच राहतात, कारण परतीची वाट त्यांना सहज मिळत नाही. इलेक्ट्रॉन असले की ट्रान्झिस्टर एका प्रकारे वागतो, नसले की दुसऱ्या. झाली एका बिटची नोंद.

विसंवाहकातून इलेक्ट्रॉन पार होतोच कसा, असे नववीतला एखादा चौकस मुलगा नक्की विचारील. नेहमीच्या अनुभवाने भिंत म्हणजे भिंत. पण पुंजयामिकीच्या नियमांनुसार भिंत पुरेशी पातळ आणि विद्युत क्षेत्र पुरेसे तीव्र असेल तर इलेक्ट्रॉन पलीकडे निघण्याची काही एक शक्यता असते. प्रखर विद्युत क्षेत्रात धातूतून इलेक्ट्रॉन कसे सुटतात याचे गणित राल्फ फाउलर आणि लोथार नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्ये मांडले होते. (आपले होमी भाभा पुढे केंब्रिजमध्ये संशोधन करत होते ते याच फाउलर यांच्या मार्गदर्शनाखाली.) मेख अशी की, जो दरवाजा आत जायला उघडतो तो बाहेर यायलाही थोडा किलकिला राहतो. कांग आणि झी यांनी आपल्या निबंधात स्मृती किती वेळ टिकली तेही प्रामाणिकपणे लिहिले आहे : एक तासाहून अधिक. बस्स, इतकेच.

एका तासापासून दहा वर्षांपर्यंतचा प्रवास सरळ झाला नाही. त्यातले पहिले मोठे पाऊल तर एका बिघाडातून पडले. इंटेल कंपनीत डोव्ह फ्रोहमन हे एका नव्या चिपमधला दोष शोधत होते. काही ट्रान्झिस्टरांची द्वारे जोडणीपासून तुटली होती आणि त्यांवर प्रभार अडकून राहत होता. दोष दूर करता करता त्यांच्या लक्षात आले की, हा अडकलेला प्रभार मुद्दाम अडकवला तर? १९७१ मध्ये त्यातून २०४८ बिटांची चिप आली. ती पुसण्यासाठी वर क्वार्ट्झची छोटी खिडकी ठेवलेली असे आणि त्यातून अतिनील किरण सोडावे लागत. जुन्या संगणकांच्या पट्ट्या उघडून पाहिलेल्यांना ही खिडकी आणि तिच्यावर चिकटवलेला कागद आठवत असेल. पुढे विजेनेच पुसता येणाऱ्या चिपा आल्या, पण त्यांत प्रत्येक बिटाला दोन ट्रान्झिस्टर लागत आणि त्या महाग पडत.

इथे जपानमधील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांचा विचार पाहण्यासारखा आहे. त्यांनी स्वतःला विचारले की, एकेक अक्षर वेगळे पुसता आलेच पाहिजे असा हट्ट कशासाठी? तो सोडला तर बिटामागे एकच ट्रान्झिस्टर पुरेल आणि चिप स्वस्त होईल. पाटीवरचे एक अक्षर पुसायचे तर सगळी पाटी पुसा आणि पुन्हा लिहा. १९८४ मध्ये त्यांनी ही रचना मांडली. पुसण्याची क्रिया कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी एका झटक्यात होते म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याने तिला 'फ्लॅश' हे नाव सुचवले. १९८७ मध्ये त्यांनी कप्पे साखळीसारखे एकामागोमाग जोडून आणखी दाटी केली. ही 'नँड' फ्लॅश. आजची प्रत्येक एसएसडी, पेन ड्राइव्ह आणि मोबाइल फोन यांच्या पोटात तीच आहे. मासुओका यांना कंपनीकडून मोबदल्यासाठी न्यायालयात जावे लागले आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनांवर तडजोड झाली, हेही जाता जाता नोंदवले पाहिजे.

म्हणजे 'स्वस्त' हा गुण या तंत्रात मागाहून कोणी मिसळलेली भेसळ नाही. सोय आणि टिकाऊपणा यांतले थोडे सोडायचे आणि किंमत खाली आणायची, हा सौदा तिच्या जन्मातच आहे. प्रत्येक वेळी पाटी पुसताना विसंवाहकाच्या पातळ थरातून इलेक्ट्रॉन ओढून काढावे लागतात. त्या ओढाताणीने थरात सूक्ष्म दोष निर्माण होतात आणि माठ अधिकाधिक पाझरू लागतो. काही हजार किंवा लाखभर वेळा पुसल्यावर कप्पा निकामी होतो.

असल्या कप्प्यांवर कोणी शाळेची निकालपत्रके कशी ठेवणार? याचे उत्तर एली हरारी यांनी दिले. १९८८ मध्ये संजय मेहरोत्रा आणि जॅक युआन यांच्यासह त्यांनी सनडिस्क ही कंपनी काढली. तीच पुढे सॅनडिस्क झाली. (मेहरोत्रा मूळचे कानपूरचे, पिलानीहून अमेरिकेत शिकायला गेलेले.) कप्पा चुकणारच हे गृहीत धरायचे आणि त्याच्याबरोबर हिशेब ठेवणारी एक नियंत्रक चिप बसवायची, अशी त्यांची दिशा होती. बाहेरच्या संगणकाला डबी साध्या डिस्कसारखीच दिसावी. आत मात्र नियंत्रकाने कोणता कप्पा किती झिजला ते पाहावे, मुलांना आळीपाळीने बाक बदलून बसवतो तसे लिखाण सगळ्या कप्प्यांवर फिरते ठेवावे, निकामी कप्प्यांच्या जागी राखीव कप्पे लावावेत आणि वाचताना झालेल्या चुका दुरुस्त कराव्यात. १९९१ मध्ये त्यांनी अशी २० मेगाबाइटची ड्राइव्ह बाजारात आणली. किंमत सुमारे १००० डॉलर. आज मोबाइलमधली चार-पाच छायाचित्रेसुद्धा तिच्यात जेमतेम मावतील.

यातले चुका दुरुस्त करण्याचे काम वर्गात सहज दाखवता येते. आपण कच्चे निकालपत्रक करतो तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याची आडवी बेरीज घेतो आणि प्रत्येक विषयाची उभी. फळ्यावर तीन ओळी, तीन स्तंभांत नऊ आकडे लिहा, उभ्या-आडव्या बेरजा मांडा आणि एका मुलाला पाठ फिरवायला सांगून एक आकडा बदला. तो वळल्यावर कोणती आडवी आणि कोणती उभी बेरीज जुळत नाही ते पाहील आणि त्यांच्या छेदातला आकडा नुसता चूकच ठरवणार नाही, तर बरोबर आकडाही सांगेल. मग त्याच ओळीतले दोन आकडे बदला. आता आडव्या-उभ्या बेरजा चूक आहे असे ओरडतील, पण आडवी बेरीज दोन्ही चुका मिळून किती तेच सांगेल. दोन चुका एकमेकींना फेडणाऱ्या असल्या तर ती गप्पच बसेल. जास्त चुका पकडायच्या तर जास्त बेरजा हव्यात, म्हणजे जास्त जागा.

रिचर्ड हॅमिंग यांनी बिटांसाठी अशी पद्धत १९५० मध्ये मांडली. अनेक चुका एकदम दुरुस्त करणारी प्रभावी पद्धत १९५९–६० मध्ये फ्रान्समध्ये ओकेंगेम यांना आणि अमेरिकेत राजचंद्र बोस व त्यांचे सहकारी राय-चौधुरी यांना स्वतंत्रपणे सापडली. बोस हे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घडलेले गणिती. ऑयलरचे पावणेदोनशे वर्षांचे एक अनुमान १९५९ मध्ये खोटे ठरवणाऱ्या त्रयीतले हेच बोस. त्या त्रयीतले दुसरे होते पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झालेले शरदचंद्र श्रीखंडे. फ्लॅशचे कप्पे लहान आणि चुकार होत गेले तसतसा नियंत्रकांनी या गणिताचा आधार घेतला. तेही अपुरे पडू लागल्यावर रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६० च्या सुमारास मांडलेली आणि तीसेक वर्षे धूळ खात पडलेली दुसरी पद्धत कामी आली.

आता स्वस्ताईचा दुसरा टप्पा पाहू. माठ भरलेला की रिकामा, एवढेच विचारायचे असेल तर थोडे पाझरले म्हणून बिघडत नाही. पण माठावर खुणा करून पाणी कितव्या खुणेवर आहे असे विचारले, तर एकाच माठात जास्त माहिती मावते. चार पातळ्या असतील तर दोन बिट, आठ असतील तर तीन आणि सोळा असतील तर चार. इथे थोडे गणित करण्यासारखे आहे. एका बिटावरून दोनवर गेलो तर साठवण दुप्पट होते. दोनवरून तीनवर गेलो तर दीडपट. तीनवरून चारवर गेलो तर फक्त एक तृतीयांशाने वाढते. पातळ्या मात्र दर वेळी दुप्पट होतात आणि दोन खुणांमधले अंतर त्याच हिशेबाने कमी होते. फायदा घटत जातो, धोका वाढत जातो. एक बिटाचे कप्पे साधारण लाखभर वेळा पुसता येत. दोन बिटांचे काही हजार वेळा. तीन-चार बिटांच्या कप्प्यांबाबत हा आकडा हजाराच्या आसपास येऊन ठेपला.

२००८ च्या सुमारास घरगुती संगणकांसाठी एसएसडी येऊ लागल्या. इंटेलची ८० गिगाबाइटची ड्राइव्ह तेव्हा सुमारे ६०० डॉलरला होती, म्हणून पुष्कळ कंपन्यांनी एक स्वस्त नियंत्रक वापरून निम्म्या-पाव किमतीत ड्राइव्ह विकल्या. त्या मोठी फाइल झरझर लिहीत, पण छोट्या-छोट्या नोंदी आल्या की संगणक उचकी लागल्यासारखा थबकत असे. कप्पे तेच होते. काटकसर झाली होती ती कारकुनात.

याहून बोधप्रद प्रकरण सॅमसंगच्या '८४०' मालिकेचे. २०१२ मध्ये या कंपनीने तीन बिटांचे कप्पे वापरणारी ड्राइव्ह सामान्य ग्राहकांसाठी आणली आणि २०१३ मध्ये तिची 'इव्हो' ही सुधारित आवृत्ती. किंमत उतरली, खप वाढला. २०१४ मध्ये वापरणाऱ्यांच्या ध्यानात आले की, नव्या फाइली सेकंदाला ५०० मेगाबाइटच्या आसपास वाचल्या जातात, पण काही महिने न हलवलेल्या फाइली कधी कधी शंभराच्याही खाली रेंगाळतात. माहिती नाहीशी झालेली नव्हती. माठातली पातळी थोडी सरकली होती आणि नियंत्रक पुन्हा पुन्हा वाचून नक्की कोणती खूण ते ठरवत होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीने नियंत्रकाची आज्ञावली दुरुस्त करून दिली. काही महिन्यांनी तक्रार परत आली. एप्रिल २०१५ मधला दुसरा उपाय मला फार आवडतो. संगणक निवांत असताना ड्राइव्हने जुनी माहिती आपणहून वाचून पुन्हा नव्याने लिहावी! पोथ्या जीर्ण होण्याआधी त्यांच्या नकला करून ठेवण्याची जुनी रीत इथे यंत्राच्या पोटात आली.

त्याच सुमारास कप्पे आणखी लहान करण्याचा मार्गच सोडला जाऊ लागला. २०१३ पासून सॅमसंगने कप्पे एकावर एक, चोवीस थरांत रचले. जमीन संपली म्हणून मजले चढवले आणि खोल्या पुन्हा ऐसपैस केल्या. कप्पा मोठा झाल्याने त्यात जास्त इलेक्ट्रॉन मावू लागले आणि तीन बिटांचा सौदा परवडू लागला. २०१८ मध्ये चार बिटांच्या स्वस्त ड्राइव्ह बाजारात आल्या त्या या मजल्यांच्या जोरावर.

मग आमची डबी झिजून मेली का? आकडे तसे सांगत नाहीत. अमेरिकेतील 'द टेक रिपोर्ट' या प्रकाशनाने २०१३ ते २०१५ या काळात २४० ते २५६ गिगाबाइटच्या सहा घरगुती ड्राइव्ह अखंड लिहीत ठेवून मारल्या. सहाही ड्राइव्हनी ७०० टेराबाइटचा टप्पा ओलांडला आणि एक तर २४०० टेराबाइटपर्यंत गेली. आमच्या कार्यालयात दिवसाला २० गिगाबाइट लिहिले जातात असे अवाच्या सवा धरले, तरी ७०० टेराबाइटला ९५ वर्षे लागतील. त्या प्रयोगात एक गोष्ट मात्र खटकणारी घडली. एका ड्राइव्हने आयुष्य संपल्यावर ठरल्याप्रमाणे लिहिणे थांबवले, पण यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ती संगणकाला दिसेनाशीच झाली. आतली माहिती चांगली असूनही हाती लागेना.

टोरोंटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गुगलमधील त्यांचे सहकारी यांनी २०१६ मध्ये सहा वर्षांच्या वापराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात महागड्या एक बिटाच्या ड्राइव्ह दोन बिटांच्यांपेक्षा अधिक भरवशाच्या निघाल्या नाहीत. बदलाव्या लागण्याचे प्रमाण हार्ड डिस्कपेक्षा कमी होते. मात्र पहिल्या चार वर्षांत, प्रकारानुसार २० ते ६३ टक्के ड्राइव्हमध्ये एखादी तरी दुरुस्त न होणारी चूक आढळली. थोडक्यात, पूर्ण मरणे कमी, पण एखादे पान गहाळ होणे नेहमीचे.

माझा संशय विजेवर आहे. नियंत्रकाकडे एक वही असते. कोणती माहिती कोणत्या कप्प्यात ठेवली, याची. बाक सतत बदलत असल्याने ही वही सतत बदलते आणि तिची ताजी पाने काही काळ नियंत्रकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असतात. नेमक्या त्या क्षणी वीज गेली तर? महागड्या ड्राइव्हमध्ये यासाठी कपॅसिटरांची रांग असते. ती काही क्षण वीज पुरवते आणि नियंत्रक वही मिटून ठेवतो. स्वस्त ड्राइव्हमधून जे पहिल्यांदा गळते ते हेच, कारण ते नसल्याचे ग्राहकाला दिसत नाही. ओहायो राज्य विद्यापीठ आणि एचपी प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये १५ एसएसडींची वीज पुन्हा पुन्हा तोडून पाहिली. १३ ड्राइव्हमध्ये काही ना काही बिघाड झाला. एकीचा सुमारे एक तृतीयांश भाग वाचता येईना आणि एक कायमची बंद पडली. आमच्या कार्यालयात वीज जाण्याची मोजदाद कोणी ठेवत नाही आणि यूपीएसची बॅटरी केव्हाच निकामी झालेली.

किंमत जास्त दिली म्हणजे निश्चिंत, असेही नाही. २०१९ मध्ये एचपीई कंपनीला आपल्या सर्व्हरमधील काही ड्राइव्हबद्दल ग्राहकांना तातडीने कळवावे लागले की, त्या बरोबर ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. आज्ञावलीतला एक चुकीचा मोजक आणि एकाच दिवशी बसवलेल्या सगळ्या ड्राइव्ह एकाच तासाला मृत!

स्वस्त मालाबाबत आणखी एक खोड लक्षात ठेवण्याजोगी आहे. वेष्टन आणि नाव तेच ठेवून आतल्या चिपा बदलायच्या. २०२१ मध्ये एका नावाजलेल्या कंपनीने तीन बिटांच्या कप्प्यांनी परीक्षणे जिंकलेल्या ड्राइव्हमध्ये नंतर चार बिटांचे कप्पे घातल्याचे उघड झाले. परीक्षण वाचून घेतलेली वस्तू आणि हातात आलेली वस्तू एकच असेल, याची खात्री त्यामुळे देता येत नाही.

सुट्टीच्या दीड महिन्यात बंद खोलीतल्या उकाड्याने माहिती उडाली असेल का, असे मुख्याध्यापिका बाईंनी विचारले. प्रश्न चुकीचा नव्हता. २०१० च्या एका आंतरराष्ट्रीय मानकानुसार घरगुती एसएसडीने तिचे ठरलेले लेखन पूर्ण होऊन झिजल्यानंतरही, वीज नसताना, ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती राखली पाहिजे. तापमान दर पाच अंशांनी वाढले की ही मुदत सुमारे निम्मी होते. ४५ अंशांना ती दीड महिन्यावर येते! पण ही मुदत पूर्ण झिजलेल्या ड्राइव्हची आहे. दोन वर्षे निकालपत्रके टंकलेली ड्राइव्ह त्या मानाने कोरीच म्हणायची. शिवाय पाझरलेल्या ड्राइव्हच्या बहुधा फाइली खराब निघतील, ड्राइव्ह दिसायचीच बंद होण्याची शक्यता त्या मानाने कमी. आमची दिसतच नव्हती.

नवी ड्राइव्ह घेताना आम्ही थोडे जास्त पैसे यूपीएसच्या बॅटरीवर घातले आणि सगळ्या फाइलींची दुसरी प्रत ठेवायला एक बाहेरची हार्ड डिस्क आणली. छायाचित्रे काही पालकांच्या फोनमधून परत मिळाली. निकालपत्रके मात्र भाऊसाहेबांनी कपाटातून कच्ची पत्रके काढून दोन आठवडे बसून पुन्हा टंकली. या वेळी मी त्यांना आडव्या बेरजांबरोबर उभ्या बेरजाही घ्यायला लावल्या. आठवी 'ब'मध्ये एक उभी बेरीज जुळेना. उत्तरपत्रिकांची नोंदवही काढून पाहिली, तर एका मुलीचे भूगोलाचे गुण मूळ कागदावरच दहाने कमी उतरवलेले निघाले. त्यावरची आडवी बेरीज चुकीच्या गुणांनिशी व्यवस्थित जुळत होती, म्हणून तेव्हा कोणाला काही कळले नव्हते. भाऊसाहेबांनी लाल शाईने आकडा सुधारला आणि शेजारी सही केली.